कण गाठीपर्यंत पोचणार कसा? ‘नॅनो’ उपचाराची जाहिरात हाती आली तर विचारायचे प्रश्न

गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत पट्टीवर जी लालसर रेघ उमटते, ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याची असते. करोनाच्या काळात ज्या पट्टीकडे आपण पंधरा मिनिटं टक लावून बसायचो, तिच्यावरची रेघही बहुधा तीच. सोनं फार बारीक केलं की त्याचा पिवळा रंग जातो आणि ते माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असं लाल द्रावण करून १८५७ साली त्यावरचा अभ्यास मांडला होता. तेव्हा नॅनो सोनं ही कालपरवाची गोष्ट नव्हे. ते औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीत गुपचूप काम करत असतं.

घरात कर्करोगाचं निदान झालं की मात्र हाच शब्द वेगळ्या वजनाने कानावर येतो. कुणी बातमी पाठवतं की सोन्याच्या कणांनी गाठ जळाली. कुणी व्हिडिओ पाठवतं, त्याखाली फोन नंबर असतो. मग जेवणं झाल्यावर घरातली चार माणसं बसतात आणि प्रश्न निघतो, ‘हे करून बघायचं का?’ हा लेख त्या चार माणसांसाठी आहे. तो तुमच्या डॉक्टरांची जागा घेणार नाही. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि कुणी पैसे मागितले तर आधी काय तपासायचं, एवढंच तो सांगेल.

नॅनो हे माप आहे

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. म्हणजे ‘नॅनो उपचार’ म्हणणं हे ‘बारीक उपचार’ म्हणण्यासारखंच झालं. कशाचा कण, कुठे द्यायचा, तो तिथे करणार काय, हे त्या शब्दातून काहीच कळत नाही.

धातूंचे कण कर्करोगात वापरावेसे वाटले, त्याला तीन कारणं आहेत. सोनं, हाफ्नियम, गॅडोलिनियम यांसारख्या जड धातूंचे अणू क्ष-किरण जोरात अडवतात, त्यामुळे सीटी स्कॅनमध्ये ते उठून दिसतात आणि रेडिएशनचा मारा आपल्या आसपास वाढवतात. लोहाच्या ऑक्साइडचे कण चुंबकाला प्रतिसाद देतात, म्हणून ते एमआरआयमध्ये दिसतात आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले तर तापतात. सोन्याचा कण योग्य आकाराचा असेल तर तो ठरावीक प्रकाश शोषून गरम होतो. गुण खरे आहेत. अडचण पुढे येते.

आधी तीन ढीग करा

घरात जी जी नावं कानावर आली असतील ती कागदावर लिहा आणि त्यांचे तीन ढीग करा. निम्मा गोंधळ इथेच संपतो.

पहिला ढीग: धातू आहे, पण नॅनोकण नाही. सिस्प्लॅटिन हे केमोतलं जुनं आणि भरवशाचं औषध प्लॅटिनमचं आहे. अमेरिकेत त्याला १९७८ साली मान्यता मिळाली. पण तो प्लॅटिनमचा कण नव्हे, रेणू आहे. एमआरआयच्या आधी शिरेतून देतात तो गॅडोलिनियमचा डायही रेणूच. ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी धातू काही विशिष्ट कर्करोगांत देतात, तोही याच ढिगात.

दुसरा ढीग: नॅनो आहे, पण धातू नाही. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन म्हणजे चरबीच्या सूक्ष्म फुग्यात भरलेलं औषध. नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणजे अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं औषध. अमेरिकेत पहिल्याला १९९५ मध्ये आणि दुसऱ्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही भारतात मिळतात आणि नेहमीच्या वापरात आहेत. बिलावर ‘नॅनो’ हा शब्द दिसला तर बहुधा यांपैकीच काहीतरी असतं. ही औषधं खरी आहेत, पण साध्या रूपापेक्षा महाग पडू शकतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘साध्या औषधाऐवजी हे दिल्याने आमच्या रुग्णाला नेमका काय फायदा?’ उत्तर ठोस असू शकतं. हृदय आधीच कमजोर असेल तर लायपोसोमल रूप हृदयाला कमी त्रासदायक ठरतं. साध्या पॅक्लिटॅक्सेलमधल्या विद्रावकाची अॅलर्जी येत असेल तर अल्ब्युमिनवालं रूप बरं.

तिसरा ढीग: धातूही आणि नॅनोही. हा ढीग लहान आहे. जाहिराती मात्र याच्याच नावाने सर्वांत जास्त होतात, म्हणून पुढचं सगळं याच ढिगाबद्दल.

हजारातले सात

शिरेतून सोडलेले कण रक्तातून फिरत गाठीपर्यंत जातील आणि तिथेच साचतील, अशी आशा बरीच वर्षं होती. तिला आधार होता. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने बनलेल्या आणि गळक्या असतात, त्यातून कण झिरपतात आणि आत अडकतात, असं जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली मांडलं होतं. पुढे टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचतात ते साधारण ०.७ टक्के. हजारातले सात. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहेत जातात, कारण रक्तातला परका कण गिळून टाकणं हे तिथल्या पेशींचं रोजचं काम आहे.

उंदरांवरचं यश माणसापर्यंत का पोचत नाही, त्याचं एक उदाहरण पाहा. २००४ साली अमेरिकेत हाइनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी गाठ असलेल्या उंदरांना १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण देऊन लगेच रेडिएशन दिलं. वर्षभराने त्यांतले ८६ टक्के उंदीर जिवंत होते. नुसतं रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. निकाल डोळे दिपवणारा आहे. आता सोन्याचं प्रमाण बघा: वजनाच्या दर किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला हाच सरळ हिशेब लावला तर १६० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे शिरेतून सोळा तोळे सोनं. लग्नातसुद्धा एवढं अंगावर घालताना लोक विचार करतात.

म्हणून कोणताही दावा समोर आला की पहिला प्रश्न हा ठेवा: कण गाठीपर्यंत पोचणार कसा? जिथे जिथे धातूच्या नॅनोकणांना खरं यश मिळालं, तिथे तिथे या प्रश्नाचं साधं उत्तर होतं. एक तर डॉक्टरांनी सुईने कण थेट गाठीत सोडले, नाही तर शरीराच्याच एखाद्या ठरलेल्या वाटेचा उपयोग करून घेतला.

कोणता धातू काय करतो, आणि कुठपर्यंत आला आहे

*लोह, तपासणीसाठी.* यकृत परके कण गिळतं ही वर अडचण म्हणून सांगितली. तपासणीत तिचाच उपयोग झाला. लोहाच्या ऑक्साइडचे कण शिरेतून दिले की निरोगी यकृत ते गिळतं आणि एमआरआयच्या चित्रात काळं पडतं. गाठीत गिळणाऱ्या पेशी नसतात किंवा फार थोड्या असतात, म्हणून ती काळ्या जमिनीवर उजळ दिसते. फेरिडेक्स नावाच्या अशा औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे कंपनीने ते बनवणं थांबवलं. औषध चालतं तरी बाजारात टिकतंच असं नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

कॉम्बिडेक्सची गोष्ट याहून बोधक आहे. प्रोस्टेटचा कर्करोग लसिकाग्रंथींत पसरला आहे का, हे या लोहकणांनी ओळखता येतं का, ते ८० पुरुषांत तपासलं गेलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या एमआरआयने रोगट ग्रंथींपैकी ३५ टक्के सापडत होत्या, कणांसह ९० टक्के. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली नाही आणि युरोपातला अर्ज कंपनीनेच मागे घेतला. एका चांगल्या अभ्यासावर परवाना मिळत नाही, आणि ते रुग्णाच्या भल्याचंच आहे.

आज प्रत्यक्ष वापरात असलेलं उदाहरण स्तनाच्या शस्त्रक्रियेतलं आहे. गाठीतून निघालेल्या पेशी काखेतल्या ज्या ग्रंथीत सगळ्यांत आधी पोचतात, तिला डॉक्टर सेंटिनल नोड म्हणतात. ती शोधून तपासली आणि स्वच्छ निघाली तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि हात सुजण्याचा त्रास वाचतो. ती शोधायला सहसा निळा डाय आणि किरणोत्सारी टेक्नेशियम वापरतात. मॅगट्रेस हे लोहकणांचं द्रावण त्याला पर्याय आहे, अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. स्तनात टोचलं की ते लसिकावाहिन्यांच्या वाटेने स्वतःच काखेत जातं आणि सर्जन चुंबकीय उपकरणाने ग्रंथी शोधतो. किरणोत्सारी पदार्थ लागत नाही. दोन तोटे आधी माहीत असावेत. टोचल्या जागी तपकिरी डाग काही महिने राहू शकतो, आणि नंतर स्तनाचा एमआरआय करायचा झाला तर चित्रात गडबड होऊ शकते.

*लोह, उपचारासाठी.* बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या नॅनोथर्म पद्धतीला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली. मेंदूतल्या गाठीत लोहकण सुईने सोडायचे, रुग्णाला बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवायचं, कण तापतात आणि गाठ आतून शेकली जाते, सोबत रेडिएशन. परत उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका गाठीच्या, ५९ रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. गाठ पुन्हा उद्भवल्यापासून रुग्ण जगले त्या काळाचा मध्यक १३.४ महिने होता. हा आकडा जुन्या नोंदींपेक्षा चांगला होता, पण त्याच अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. रुग्णाला किंमतही मोजावी लागे. दातातली धातूची भरणं आधी काढावी लागत आणि डोक्यात लोह साचल्यामुळे पुढे मेंदूचा एमआरआय नीट होत नसे. म्हणजे गाठ परत वाढते आहे का, हे बघण्याचं मुख्य साधनच हातातून जात असे. कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

*हाफ्नियम.* सगळ्यांत भक्कम पुरावा याच्या पाठीशी आहे. पॅरिसच्या नॅनोबायोटिक्सचे हाफ्नियम ऑक्साइडचे कण सुमारे ५० नॅनोमीटरचे. रेडिएशनच्या आधी एकदाच थेट गाठीत टोचायचे. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, चालू झालं की कणांभोवती त्याचा परिणाम वाढतो. एकाच वेळी दोन गट करून, चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची वाटणी करून १८० जणांवर चाचणी झाली. आजार होता हातापायांतल्या किंवा धडातल्या मऊ ऊतींचा सार्कोमा. गाठ काढून तपासली तेव्हा तिच्यात कर्करोगाच्या जिवंत पेशी जवळजवळ न उरलेले रुग्ण कणांच्या गटात १६ टक्के होते, नुसत्या रेडिएशनच्या गटात ८ टक्के. २०१९ मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. दुप्पट म्हटलं की मोठं वाटतं. पण शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांत एवढा परिणाम झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. म्हणून पुढची गोष्ट आपल्याला जवळची. ज्या वयस्कर रुग्णांना सिस्प्लॅटिन झेपत नाही, त्यांच्या तोंड-घशाच्या कर्करोगात हेच हाफ्नियमचे कण उपयोगी पडतात का, हे तपासण्यासाठी तिसऱ्या टप्प्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली.

*सोनं.* ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले कण तयार केले. ते शिरेतून देऊन, मग प्रोस्टेटमध्ये लेसरची बारीक तार घालून गाठ तापवण्याचा प्रयोग १६ पुरुषांवर झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत पार पाडता येते आणि सुरक्षित दिसते, एवढं त्यातून कळलं. प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, म्हणून लेसर आत न्यावा लागतो. सोन्याच्या कणांचा असा उपचार नेहमीच्या उपचारांत आलेला नाही. ‘आमच्याकडे मिळतो’ असं कुणी म्हणालं, तर सावध व्हायचं.

*गॅडोलिनियम.* फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे मेंदूत अनेक ठिकाणी पसरलेल्या कर्करोगाच्या १५ रुग्णांवर एजिक्स नावाच्या कणांची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. कण जेमतेम पाच नॅनोमीटरचे, म्हणून काम झालं की मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. एमआरआयमध्ये ते कुठे साचलेत ते दिसतं आणि रेडिएशनचा परिणामही ते वाढवू पाहतात. दिसणं आणि मारणं ही दोन्ही कामं एका कणाकडून करून घेण्याची ही चांगली कल्पना आहे. ती अजून चाचण्यांच्या वाटेवर आहे.

*चांदी.* चांदीचे कण जंतू मारतात म्हणून भाजल्या-जखमांच्या पट्ट्यांत वापरतात. कर्करोगासाठी चांदीचं पाणी प्यायला सांगणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका. असं पाणी दीर्घकाळ घेतलं तर कातडी कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर १९९९ मध्येच सांगितलं होतं की दुकानात थेट मिळणारी अशी औषधं सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत.

बातमी कोणत्या पायरीवर आहे ते बघा

कोणतीही बातमी वाचताना पेन्सिलने एक आकडा लिहायची सवय लावा.

१. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर परिणाम दिसला.
२. उंदरांवर दिसला.
३. थोड्या माणसांवर, मुख्यतः सुरक्षितता बघायला.
४. नेहमीच्या उपचाराशी तुलना करून, बऱ्याच माणसांवर.
५. औषध नियामकाने त्या विशिष्ट आजारासाठी परवाना दिला.

पहिल्या दोन पायऱ्यांची बातमी वाचून आनंद व्हायला हरकत नाही. तुमच्या रुग्णासाठी तिच्यात आज काही नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असेल तर तो उपचार फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच मिळू शकतो. पाचव्या पायरीवर असेल तरी विचारा, कोणत्या देशात आणि कोणत्या आजारासाठी? सार्कोमासाठी मिळालेला परवाना स्तनाच्या किंवा जठराच्या कर्करोगाला लागू होत नाही.

चाचणीत भाग घ्यायची वेळ आली तर

चाचणी म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर होणं नव्हे. बऱ्याचदा रुग्णाला नेहमीचा उपचार मिळतोच आणि त्यावर नवं काही तपासलं जातं. फक्त खालच्या गोष्टी पक्क्या करून घ्या.

नोंदणी. भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंद करणं सक्तीचं आहे. ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः बघा. तिथे टप्पा, रुग्णसंख्या, रुग्णालयं आणि नीतिसमिती लिहिलेली असते. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथून उठून या.

पैसे. चाचणीसाठीच्या औषधाचे आणि फक्त संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘चाचणी आहे, पण अमुक लाख भरा’ हे वाक्य कानावर आलं तर तिथेच थांबा.

इजा झाली तर. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावा लागतो आणि भरपाई द्यावी लागते. ही तरतूद संमतिपत्रात लिहिलेली असते. नीट वाचा.

संमतिपत्र मराठीत मागा. घरी नेऊन वाचा, एक रात्र जाऊ द्या. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही.

आणि नॅनोकणांसाठी खास हे चार प्रश्न:

– कण गाठीत टोचणार की शिरेतून देणार? शिरेतून असेल तर गाठीत किती पोचतात, याचा माणसांतला पुरावा काय?
– काम झाल्यावर कण कुठे जातात? लोहाचे कण शरीर हळूहळू मोडून त्यातलं लोह रक्तासाठी वापरतं. सोनं तसं मोडत नाही, ते यकृत-प्लीहेत दीर्घकाळ राहू शकतं.
– यामुळे पुढचे एमआरआय किंवा सीटी बिघडतील का?
– नेहमीचा उपचार यासाठी पुढे ढकलावा लागेल का? लागणार असेल तर किती दिवस?

एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी

हा भाग चाचणीत नसलेल्या रुग्णांनाही लागू आहे. अॅनिमियासाठी शिरेतून लोह दिलं जातं, त्यातले कणही नॅनो आकाराचेच असतात. त्यांतलं फेरुमॉक्सिटॉल तर एमआरआयचं चित्र तीन महिन्यांपर्यंत बदलू शकतं. म्हणून गेल्या काही महिन्यांत लोहाचं सलाइन घेतलं असेल तर नाव आणि तारीख एमआरआयच्या फॉर्मवर लिहा. फेरुमॉक्सिटॉलवर अमेरिकेत २०१५ मध्ये गंभीर अॅलर्जीचा ठळक इशारा छापायला लावला गेला. हळूहळू देणं आणि दिल्यावर अर्धा तास नजर ठेवणं त्यासाठीच असतं. ‘आम्हाला घाई आहे, लवकर सोडा’ असं म्हणू नका. गॅडोलिनियमच्या डायच्या आधी क्रिएटिनिनचा अहवाल सोबत ठेवा, कारण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर डायची निवड बदलावी लागते. शरीरात क्लिप, स्टेंट, पेसमेकर, कानातलं इम्प्लांट असं काहीही असेल तर ते तोंडी सांगून थांबू नका, कागद दाखवा.

भस्म, पूड आणि ‘नॅनो आयुर्वेद’

इथे आपल्या लोकांची श्रद्धा गुंतलेली असते, म्हणून नीट बोलायला हवं. सुवर्णभस्म तपासलं तेव्हा काही नमुन्यांत खरोखरच नॅनो आकाराचे सोन्याचे कण आढळले आहेत. रसशास्त्राच्या जुन्या जाणकारांनी घोटून, पुटं देऊन सोनं इतकं बारीक केलं, हे कौतुकाचंच. पण कण बारीक आहे याचा अर्थ तो कर्करोग बरा करतो असा होत नाही. आपला प्रश्न इथेही तोच: तोंडाने घेतलेली पूड आतड्यांतून, यकृतातून वाट काढत गाठीपर्यंत पोचणार कशी? शिरेतून थेट दिलेल्यांतले हजारात सात पोचतात, हे वर पाहिलंच.

दुसरी काळजी शुद्धतेची. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा साधारण पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं, असा अहवाल २००८ मध्ये आला. सिस्प्लॅटिनचा ताण मूत्रपिंडावर येतोच. त्यात शिसं-पाऱ्याची भर पडली तर केमोच थांबवावी लागू शकते. घरी काही पूड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, डबी घेऊन जा. रागावतील म्हणून लपवू नका. लपवलेल्या पुडीने झालेला बिघाड औषधाच्या माथी मारला जातो आणि उपचार चुकतो.

कायद्याचं एक वाक्य लक्षात ठेवा. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करायलाच बंदी आहे. तेव्हा भिंतीवर, केबलवर किंवा मोबाइलवर ‘कर्करोग बरा करतो’ असं लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत कायदा मोडलेला असतो. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. जाहिरातीचा फोटो आणि पावती जपून ठेवा.

पैसे आणि दिवस कुठे घालवायचे

फसव्या उपचारात पैसे जातात ते दिसतं. दिवस गेलेले नंतर कळतात. तोंडाची लहान गाठ बऱ्याचदा एका शस्त्रक्रियेत निघते. तीच मानेत पसरली की शस्त्रक्रिया, शेक आणि केमो असं सगळं लागतं, आणि तरी खात्री कमी. म्हणून नव्या उपचाराची चौकशी करायचीच असेल तर नेहमीचा उपचार चालू ठेवून करा.

दुसरं मत हवं असेल तर घ्या. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची कर्करोग केंद्रं जोडली गेली आहेत. आपल्या जवळचं केंद्र त्यात आहे का ते पाहा. बायॉप्सीचा अहवाल, स्लाइड आणि ब्लॉक, स्कॅनच्या सीडी आणि आतापर्यंतच्या औषधांची यादी एका पिशवीत घालून न्या. नुसत्या अहवालांच्या झेरॉक्सवर नीट मत देता येत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. हे उपचार सुरू करण्याआधी करायचं, बिल हातात आल्यावर नव्हे.

धातूचे नॅनोकण हा थोतांडाचा विषय नाही. लोहाच्या कणांनी काखेतल्या ग्रंथी शोधल्या जात आहेत, हाफ्नियमने शेकाचा परिणाम वाढतो हे चाचणीत दिसलं आहे, आणि पुढच्या काही वर्षांत तोंडाच्या कर्करोगाबद्दलचं उत्तरही हाती येईल. ते येईपर्यंत कुणी ‘नॅनो सोनं’ देऊ केलं तर त्याला तीन गोष्टी विचारा: कण गाठीपर्यंत पोचणार कसा, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय आणि पैसे कशाचे. तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तर तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. नाही मिळाली तर उद्याची केमोची तारीख चुकवू नका.